पुस्तक वर, मान सरळ

आमच्या शाळेत आलेल्या पोराला सगळ्यात आधी काय यायला लागतं, असं कुणी मला विचारलं तर मी खरं ते सांगेन: फोटोला बसणं. अक्षरं त्यानंतर, वेळ मिळाला तर. मी 'पुस्तक वर, मान सरळ' म्हणायचा अवकाश, अख्खी तिसरी ताठ होते. पुस्तकं छातीसमोर येतात, बोटं ओळीवर जातात आणि ओठ हलायला लागतात. आवाज नाही, नुसते ओठ. फोटोत आवाज येत नाही हे पोरांना माझ्याआधी कळलेलं आहे.

मी नवी मुंबईतल्या एका सरकारी मराठी शाळेत शिकवते. कुठल्या, ते सांगत नाही. सांगितलं तर त्याचाही लेखी खुलासा मागतील. राहते नावड्याला. नवरा तळोज्याच्या एका कंपनीत होता, आता घरीच असतो. संध्याकाळी मी मोबाइल घेऊन बसले की म्हणतो, "तू शिक्षिका आहेस की कॉल सेंटरला आहेस?" पहिल्यांदा मी हसले होते. आता उत्तर देत नाही.

काय काय भरत असते मी? सकाळी मुलांची हजेरी कागदावर, मग तीच मोबाइलवर. खिचडी शिजली की आधी मी चाखायची, चाखली असं लिहायचं, किती मुलांनी खाल्ली ते कळवायचं. मुलांची उंची, वजन. आधार कार्डावरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळत नसेल तर ते का जुळत नाही. संडास किती, त्यातले चालू किती, चालू नसतील तर का नाहीत. जणू मीच ते बंद पाडलेत. झाड लावलं की झाडासोबत फोटो, हात धुतले की साबणासोबत फोटो, शपथ घेतली की हात पुढे करून फोटो. आणि फोटोवर जागा नि वेळ उमटलेली पाहिजे, नाहीतर आम्ही गेल्या वर्षीचंच झाड यंदा दाखवू अशी वरच्यांना भीती. ती भीती अगदीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या आवारातला एक कडुनिंब एवढ्या वेळा लावून झालाय की त्याला आता मुळांपेक्षा फोटोच जास्त असतील.

नियम मुळातच वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. खिचडी चाखायचा नियम आला, कारण कुठेतरी कुणाचं तरी लेकरू ती खाऊन आजारी पडलं असणार. संडासाचं विचारतात, कारण कुठेतरी वयात आलेल्या मुलीने त्यापायी शाळा सोडली असणार. प्रत्येक नियमाच्या मुळाशी एक पोर असतं, हे मी मानते. पण तो नियम आमच्या शाळेपर्यंत पोचेस्तोवर ते पोर वाटेतच गळून पडतं आणि नुसता रकाना येऊन पोचतो. मग रकान्याला काय, त्याला भरलं की झालं.

त्या वर्षी माझ्या तिसरीत एक मुलगी होती. डोक्याला चापूनचोपून तेल, दोन वेण्या, दोन्हींना लाल रिबिनी. आई एपीएमसी मार्केटात कांदा निवडायला जायची, पहाटेच. पण पोरीच्या वेण्या घालूनच जायची, त्यात कधी खंड नाही. रिबिनवाली फोटोत इतकी छान दिसायची की कुठलाही उपक्रम असो, मी तिलाच पुढे बसवायची. शिवाय तिच्यासारखं पुस्तक कुणाला धरता येत नसे. मान किंचित झुकलेली, नजर ओळीवर, बोट हळूहळू सरकतंय. बघणाऱ्याला वाटावं, पोरगी गोष्टीत बुडून गेलीय.

आणि तिला वाचता येत नव्हतं. एक अक्षरसुद्धा धड नाही. मराठवाड्यातल्या गावाकडून तिसरीतच आली होती, आधीच्या दोन वर्षांत ऊसतोडीच्या मागे शाळा कमी आणि फड जास्त. तिला रोज शेजारी घेऊन बसायला पाहिजे, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. बसायला वेळ कुठून काढायचा, ते कळत नव्हतं. तिच्यासाठी बसले की ऑफिसातून मोठ्या बाईंची हाक यायचीच. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, निवृत्तीला आलेल्या, बी.पी.च्या गोळ्या पर्समध्ये. वाईट नाहीत. पण त्यांचं एकच म्हणणं: "बाई, तुमी माझ्याशी भांडा, काय बोलायचं ते बोला, पण आदी अपलोड करा. नंतर टेन्शन नको."

गणपतीच्या सुट्टीनंतर वाचनाच्या उपक्रमाचा मोठा बॅनर लागला. वरून छापून आला होता. त्यावर कुठल्या कुठल्या शाळांचे फोटो, आणि मधोमध, सगळ्यांत मोठा, आमच्या रिबिनवालीचा. पुस्तक वर, मान सरळ. मोठ्या बाईंनी पेढे वाटले. मीही एक खाल्ला. नाही म्हणायला तोंड कुठे होतं?

दोन-तीन दिवसांनी तिची आई शाळेत आली. मार्केटातून थेट आली असावी, पदराला कांद्याची सालं चिकटलेली. बॅनरखाली उभी राहून तिने आधी फोटोला हात लावला, मग माझ्याकडे वळली.

"बाई, वाचायली ना आता लेक माझी? मार्केटातले समदे म्हणायलेत, तुझी पोरगी बोर्डावर आली. लई उपकार झाले बघा."

ती पुढे म्हणाली, "मला एवढंच पायजे होतं. तिला वाचता यावं, माझ्यासारखं होऊ नये. आता दिवाळीला गावी नेते. सासू जाग्यावर पडलीय, लहान्याला बघायला कोणी नाही. वाचायला आलंय, बास झालं. दाखला तेवढा द्या."

एरवी म्हणते तेच मी म्हटलं, अहो, शिकू द्या, लहान आहे. पण तिचं उत्तर तयार होतं: काम झालंय, बोर्डावर लावलंय. सरकारनेच लावलंय. आता ते काम झालेलं नाही हे मलाच सांगायला पाहिजे होतं, कारण दुसरं कुणी सांगणार नव्हतं.

"ताई, तिला अजून वाचता येत नाही," मी म्हटलं.

ती हसली. मी चेष्टा करतेय असं तिला वाटलं. मग बॅनरकडे बोट करून म्हणाली, "मग ह्या फोटूत काय करायली ती?"

नंतर तिने पोरीला हाक मारली, जवळ घेतलं आणि स्वतःच्या डाव्या हाताची बाही वर केली. मनगटाच्या वर गोंदलेलं नाव होतं, हिरवट, जरा पसरलेलं, पण अक्षरं शाबूत. मी मनात वाचलं. ते तिचं नाव नव्हतं. म्हणजे शाळेच्या पटावर आई म्हणून जे नाव होतं, ते हे नव्हतं.

तिने माझ्या नजरेतलं ओळखलं. माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "माहेरचं हाय. लग्नात बदललं. तिकडं आता कोणीच राहिलं नाही, घरात त्या नावानं कोणी हाक मारत नाही. तिला वाटतं, आत्ताचंच हाय."

लग्नात मुलीचं नाव बदलायची आपली रीत. ताटात तांदूळ पसरायचे, अंगठीने नवं नाव लिहायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. माझंही बदललंय. पण माझं जुनं नाव निदान दहावीच्या सर्टिफिकेटवर आहे. हिचं फक्त हातावर राहिलं होतं.

"वाच," ती पोरीला म्हणाली.

पोरीने काय केलं ते मी जन्मात विसरणार नाही. तिने आईचा हात दोन्ही हातांनी उचलून छातीसमोर धरला. पाठ ताठ केली. मान किंचित झुकवली. बोट अक्षरांवरून डावीकडून उजवीकडे सावकाश नेलं, ओठ हलवले आणि मोठ्या आत्मविश्वासाने आईचं सासरचं नाव सांगितलं. मग वर बघून मला विचारलं, "झालं का, बाई?"

आईने हात काढून घेतला, बाही खाली ओढली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मग असली शाळा काय कामाची? बसायचं तर घरी बसंल, लहान्याला तरी बघंल."

मी तिला हात जोडले. दिवाळीपर्यंत थांबा, म्हटलं. दिवाळीला तुम्हीच तिला हातावरचं वाचायला सांगा, नाही वाचलं तर दाखला मी स्वतः लिहून देईन. ती तशीच फाटकाबाहेर निघून गेली. पण दुसऱ्या दिवशी पोरगी आली, रिबिनी लावून.

आणि नेमका त्याच सुमारास तो आदेश आला. शिक्षकांची अशैक्षणिक कामं कमी करायची, शाळांवरचा माहितीचा बोजा हटवायचा, शिक्षकांना शिकवू द्यायचं. ग्रुपवर तो आला तेव्हा मी खरंच दोनदा वाचला. वाटलं, देव आहे. निदान मंत्रालयात एखादा तरी आहे. रोज एक तास मला मिळाला तर ती पोरगी दिवाळीपर्यंत वाचेल, याची मला खात्री होती. बुद्धी होती तिच्यात. फोटोला बसणं जिने एका दिवसात उचललं, ती अक्षरं का नाही उचलणार?

बोजा हटवण्याची पहिली पायरी म्हणजे वाशीला सभा. शाळेच्या वेळात, सकाळपासून. मी वर्ग शेजारच्या बाईंच्या गळ्यात घालून गेले. एसी हॉल, स्टेजवर पाच खुर्च्या, गुच्छ, दीपप्रज्वलन. वेळ कसा वाचवावा यावर एका साहेबांनी इतकं लांबलचक भाषण केलं की मागच्या रांगेतले एक गुरुजी घोरायला लागले. शेवटी कळलं की कामं कमी करायची तर आधी कामं किती आहेत ते कळायला हवं. तेव्हा प्रत्येक शिक्षकाने आपण कुठलं काम करतो, त्याला किती वेळ लागतो, ते कुणी सांगितलं आणि त्याची गरज आहे असं आपल्याला वाटतं का, हे सगळं भरून द्यायचं. नमुना दिला होता. तो भरायला लागणारा वेळ कुठल्या रकान्यात लिहायचा, असं मी उठून विचारलं. हॉलभर हशा झाला. साहेबांनीही हसून दाद दिली आणि म्हणाले, "मॅडम अॅक्टिव्ह दिसतात. तुमच्या शाळेच्या समन्वयक तुम्हीच."

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. बोजा कमी करण्याच्या कामाचा बोजा माझ्या डोक्यावर घेऊन मी वाशीहून परत आले.

मग सुरू झालं. जुनं एकही काम सुटलं नाही, कारण नवीन व्यवस्था लागेपर्यंत जुनी चालू ठेवा अशी सूचना. त्यावर नवं अॅप. रोज शाळा सुटताना त्यात भरायचं, आज किती वेळ वाचला आणि त्या वेळात काय शिकवलं. सोबत फोटो. शून्य लिहिलं तर अॅप पुढे जायचं नाही. लाल अक्षरांत विचारायचं, कारण द्या. पहिल्या दिवशी मी कारण दिलं: हे अॅप. मोठ्या बाईंचा संध्याकाळी फोन. "बाई, तुमी खरं बोलता, मला मान्य आहे. पण खरं तिकडं चालत नाय ना. पंचेचाळीस मिनिटं लिवा, सगळे तेच लिवतात." भीक नको, पण कुत्रा आवर, अशी गत झाली माझी.

तास काही मिळाला नाही, मग मी तो चोरायला लागले. खिचडीच्या सुट्टीत मुलं जेवून अंगणात पळाली की मी आणि रिबिनवाली व्हरांड्यात बसायचो. पहिले काही दिवस तिच्या हातात पुस्तक दिलं. पुस्तक हातात आलं की पोरगी ताठ. मान झुकली, बोट सरकलं, ओठ हलले, झालं का बाई. मी म्हणायची, अगं फोटो नाही काढत. ती बिचारी गोंधळून जायची. फोटो नाही तर मग पुस्तक कशाला धरायचं, हा तिचा प्रश्न चेहऱ्यावर सरळ दिसायचा. चिडून मी एक दिवस पुस्तक काढूनच घेतलं. खडूने जमिनीवर लिहायला लागले. फरशीवर 'क', फरशीवर 'घ', फरशीवर 'घर'. जमिनीवरचं वाचायचं तर पाठ ताठ ठेवून चालत नाही. ती ओणवी झाली, गुडघ्यांवर आली, नाक फरशीला टेकेपर्यंत वाकली. रिबिनी धुळीत. आणि मग ओठांतून पहिल्यांदा आवाज आला.

त्या सुट्टीत मी खिचडीची नोंद वेळेवर करेनाशी झाले. अॅपमध्ये आमच्या शाळेसमोर लाल ठिपका यायला लागला. ग्रुपवर माझं नाव घेऊन विचारणा, दोन-तीनदा. मी बघायची आणि फोन उलटा ठेवायची. एकदा लाजेकाजेस्तव मोठ्या बाईंसाठी म्हणून, ती ओणवी होऊन वाचत असताना तसाच तिचा फोटो काढून पाठवला. संध्याकाळी परत आला. शेरा होता: 'विद्यार्थिनी वाचन करताना दिसत नाही. फोटो पुन्हा पाठवा.'

मी इतकी हसले की नवरा स्वयंपाकघरातून धावत आला. मग हसता हसता रडायलाच आलं मला. वर्षभरात ती पोरगी खरोखर वाचत असल्याचा तो एकुलता एक फोटो होता.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या आठवड्यात, बोजा खरंच कमी झालाय का हे बघायला साहेब आले. तेच, वाशीचे. मोठ्या बाईंनी आदल्या दिवशी शाळा धुऊन काढली, बॅनर पुसला. साहेब ऑफिसात चहा घेत बसले होते आणि मी व्हरांड्यात वर्गाच्या रांगा लावत होते, तेवढ्यात फाटकातून तिची आई आली. नेसूचं लुगडं चांगलं, हातात पिशवी. गाडीचं तिकीट झालंय म्हणाली. दाखला मागायलाच आली होती. आमचं ठरलेलं ती विसरली नव्हती, पण तिचा विश्वास उडाला होता हे दिसत होतं.

"आधी हात दाखवा," मी म्हटलं.

"राहू द्या बाई. लेकराला कशाला उगाच."

"दाखवा."

ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली आणि बाही वर केली. पोरगी समोर येऊन उभी राहिली. तिने आईचा हात धरला, आणि सवयीने पाठ ताठ व्हायला लागली. मग तिने हात खाली सोडला, स्वतः खाली बसली, आईच्या मांडीवर तो हात ठेवला आणि त्यावर नाक टेकेल इतकी वाकली.

पहिलं अक्षर तिने लगेच म्हटलं. दुसऱ्यावर अडली. काना आहे की गोंदण पसरलंय, ते बोटाने चाचपून बघितलं. मग तेही म्हटलं. तिसरं म्हटलं. मग तिन्ही जोडून म्हटली, आणि कपाळाला आठी घालून थांबली, कारण ते तिच्या आईचं नाव नव्हतं.

"आई, इथं चुकीचं लिहिलंय," ती म्हणाली. "इथं दुसऱ्याच बाईचं नाव हाय."

आईने मोकळा हात पोरीच्या डोक्यावर ठेवला, वेणीवर, रिबिनीवर. "चुकीचं नाही," ती कशीबशी म्हणाली. "फिरून म्हण."

पोरीने फिरून म्हटलं. यावेळी न अडखळता. आईने "ओ" दिली.

दाखल्याचं कुणी काढलं नाही. पिशवी पायरीवर तशीच पडून होती. आतून मोठ्या बाई लगबगीने बाहेर आल्या, त्यांच्या मागे साहेबांच्या खुर्चीचा आवाज.

"अहो बाई, साहेब निघतायत! वाचलेल्या वेळात शिकवतानाचा आजचा फोटो राहिलाय. काढलात का?"

मी मायलेकींकडे बघितलं. पोरगी अजून वाकलेलीच होती, तिसऱ्यांदा म्हणत होती.

"नाही काढला," मी म्हटलं. "ती वाचत होती."